कोच राहावा की जावा

माझ्या लेकीनं रग्बी खेळायचं ठरवलं तेव्हा मला आधी तिच्या दातांची काळजी वाटली. दोन वर्षं तारा लावून सरळ केलेले दात होते ते, पुण्यातल्या डेंटिस्टकडे दर महिन्याला खेटे घालून. आणि ही म्हणते, मी अशा खेळात जाणार जिथे धावत्या माणसाला कमरेला मिठी मारून खाली पाडतात. मी आधी साफ नाही म्हणून सांगितलं. मग लक्षात आलं की वर्षभरात हिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलंय, आणि मी फॉर्मवर सही केली.

त्या वर्षभरात ती बोलतच नव्हती. नवऱ्याला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही लुडविग्सहाफेनजवळच्या या गावात आलो तेव्हा ती बारा वर्षांची होती. पुण्यात रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडणारी पोर इथल्या शाळेत तोंडाला कुलूप लावून बसली. बाई म्हणाल्या, "शांत मुलगी आहे, काही त्रास नाही." त्रास नाही! घरी यायची, दार लावून घ्यायची, जेवताना हो किंवा नाही, संपलं. आम्ही तिला एका मानसोपचारवाल्या बाईंकडे नेलं. त्यांनी चित्र काढायला कागद दिला, तो हिनं अर्ध्या तासानं कोराच परत केला. त्या दिवशी परत येताना मी ट्राममध्ये लोकांसमोर रडले.

रग्बीचा कोच इंग्लंडच्या उत्तर भागातला. तरुणपणी इथे कारखान्यांत पाइप जोडायला आला, इथलीच बायको केली, ती वारली, हा राहिला. साठी उलटलेली, खुब्याचं दुखणं, चालताना एका बाजूला झुकायचा. तीस वर्षं राहूनही त्याचं जर्मन माझ्यापेक्षा वाईट होतं, हे मी जरा अभिमानानंच सांगते. तो रग्बीचा जो प्रकार शिकवायचा त्यात एका बाजूला तेरा जण असतात. जर्मनीत रग्बी खेळणारेच थोडे, त्यातले बहुतेक पंधरांचा खेळ खेळतात, तेरांचा खेळ म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पण त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

त्याचा एक नियम होता. ज्या मुलीच्या हातात बॉल आहे तिला पुढेच बघावं लागतं, आणि बॉल द्यायचा तर मागे द्यावा लागतो, म्हणून मागच्या मुलीनं ओरडायचं. जी ओरडणार नाही तिला बॉल नाही. माझी लेक पाच आठवडे नुसती धावली. कोचनं तिला एकदाही रागावलं नाही, बाकीच्यांना तिच्याकडे बॉल फेकूही दिला नाही. सहाव्या आठवड्यात मी कुंपणाशी उभी होते आणि मैदानावरून आवाज आला, "इकडे! इकडे दे ना!" चक्क मराठीत. कोचला काय कळलं देव जाणे, पण त्यानं शिट्टी वाजवली, खेळ थांबवला, आणि सगळ्यांना सांगितलं की आजपासून आपल्या टीमचा हा शब्द. पुढची तीन वर्षं त्या मैदानावर डझनभर जर्मन मुली "इकडे" म्हणून बोंबलायच्या. लेक शाळेत बोलायला लागली, मैत्रिणी घरी आणायला लागली. हळूहळू आमच्याशीसुद्धा जर्मनमध्येच बोलायला लागली, पण बोलते आहे ना, मग कुठल्याही भाषेत बोल बाई, असं माझं झालं होतं.

आणि मी? मी त्या क्लबाची पक्की पाठीराखी झाले. पाठीराखे म्हणजे काय, तीसेक डोकी. त्यात एक इंजिनवाले आजोबा होते, मालगाडीचे निवृत्त ड्रायव्हर, स्वतःची घडीची खुर्ची घेऊन यायचे आणि बरोबर मैदानाच्या मध्यरेषेवर मांडायचे. त्यांनीच मला खेळ शिकवला: सहा वेळा पाडलं की बॉल समोरच्यांचा. दुसऱ्या एक नर्सबाई, त्यांची मुलगी माझ्या लेकीच्या शेजारी खेळायची. इथे प्रत्येक मॅचला कोणी केक आणायचा याची यादी लागते. मला केक जमत नाही म्हणून मी शंकरपाळे न्यायला लागले. डबा आजोबांच्या खुर्चीखाली राहायचा. रेफ्रीला मी मराठीत शिव्या द्यायचे, कुणाला कळत नसल्यामुळे मोकळेपणानं. या देशात मला कुठे जागा असेल तर ती त्या कुंपणाशी होती.

मग गेल्या हिवाळ्याआधी ते सगळं सुरू झालं.

टीम हरत होती, हे खरंच आहे. तेरा मुली जमत नव्हत्या, कधी नऊ जणींवर खेळ भागवायचा. मुलींच्या दुसऱ्या टीम इतक्या लांब की बसमध्ये चार-चार तास जायचे. त्यात कोचनं घोळ घातला. खेळाडूंची यादी वेळेत पाठवायची असते, ती याच्या गाडीच्या डॅशबोर्डवरच राहिली. आम्ही चार तास प्रवास करून पोचलो आणि तिथे कळलं की यादी नाही म्हणून मॅच समोरच्यांना देऊन टाकली. मुली मैदानाबाहेर बुटांसकट बसून होत्या. जर्मनीत माणूस मारला तर एकवेळ चालेल, पण कागद वेळेत गेला नाही तर तुमची धडगत नाही.

याच सुमारास शेजारच्या शहरातल्या मोठ्या, पंधरांच्या क्लबानं विचारणा केली: आमच्यात या. त्यांच्याकडे दिवे, गरम पाण्याच्या न्हाण्या, फिजिओथेरपिस्ट, सगळं. आमच्या क्लबाच्या अध्यक्षाला ते पसंत होतं. कोच म्हणाला, ज्या दिवशी विलीन व्हाल त्या दिवशी मी जातो. त्यात धमकी नव्हती. उद्या पाऊस आहे असं सांगावं तसं सांगितलं त्यानं.

मग मैदानाबाहेर रोजचा विषय एकच, कोच राहावा की जावा. एका शनिवारी, समोर मुली मार खात असताना, तो वाद मी शेवटपर्यंत ऐकला.

"म्हातारा झालाय तो," नर्सबाई म्हणाल्या. "मला आवडतो, पण आवडण्याचा काय संबंध? माझ्या मुलीला अठराव्या वर्षानंतर कुठे खेळता येणार आहे? तेरांचा खेळ इथे कोण खेळतं?"

"आपण खेळतो," आजोबा म्हणाले.

"आपण खुर्चीत बसतो. खेळतात त्या. आणि यादी? उद्या कुणाचा इन्शुरन्सचा कागद विसरला आणि कुणाचं हाड मोडलं तर?"

"बाई, मी बेचाळीस वर्षं गाडी चालवली. वेळापत्रक सांभाळणारे ऑफिसात ढिगानं मिळतात. गाडी चालवणारा मिळत नाही. त्याला यादी लिहून द्यायला कुणीतरी द्या, संपला प्रश्न."

"तसं तीन वर्षांपूर्वीही ठरलं होतं. त्यानं त्या माणसाला पळवून लावलं."

हेही खरं होतं. कोच हेकट होता. मदतीला आलेल्या माणसाला त्यानं महिन्याभरात हाकललं होतं, कारण तो सरावाच्या वेळी लॅपटॉप उघडून बसायचा. मला दोघांचंही पटत होतं, आणि तिथेच माझं चुकायला सुरुवात झाली. ज्याला दोघांचं पटतं त्याला वाटतं आपण फार समजूतदार आहोत.

"तुमचं काय?" आजोबांनी मला विचारलं.

"माझी मुलगी त्याच्यामुळे बोलायला लागली," मी म्हणाले.

"आल्झो, झालं तर मग," ते म्हणाले आणि डब्यातला शंकरपाळा उचलला. त्यांच्या दृष्टीनं माझं मत पडलं होतं.

आता अध्यक्षाबद्दल सांगायला हवं. क्लबाचा अध्यक्ष हा माझ्या नवऱ्याच्या कंपनीत त्याचा विभागप्रमुख होता. गाव लहान आहे, असं होतं. आणि नवऱ्याची नोकरी ठरावीक मुदतीची होती, चार वर्षांत दोनदा वाढवलेली. कायम करायचं की नाही हे त्याच हिवाळ्यात ठरणार होतं, आणि शिफारस याच माणसानं करायची होती. कायम नाही केलं तर घर, शाळा, व्हिसा, सगळं परत पहिल्यापासून.

"तू व्होट करू नकोस," सभेच्या आठवड्यात नवरा म्हणाला. "म्हणजे अगेन्स्ट पण नको आणि फॉर पण नको. आपण कशाला त्यात पडायचं?"

"अरे, लेकीचा कोच आहे तो."

"आणि तो माझा बॉस आहे. हात वर करून व्होटिंग असतं इथे, सगळ्यांसमोर. त्यानं प्रपोजल मांडलंय आणि समोर आपण दोघं हात वर करून बसलोय, कसं दिसतं ते?"

"जर्मन लोक असं मनात ठेवत नाहीत म्हणतात."

"म्हणतात," नवरा म्हणाला. "तू गॅरंटी घेतेस?"

मी गॅरंटी घेतली नाही. त्याऐवजी मी कागद घेतला. सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या मागच्या बाजूला मी क्लबाचे सभासद लिहून काढले, कोण येणार, कोण कोणाच्या बाजूचा. तीन वर्षं कुंपणाशी उभी राहिलेली बाई मी, मला प्रत्येकाचं मन पाठ होतं. मोजलं तर कोचच्या बाजूनं वीस आणि विरुद्ध एकोणीस, आम्हा दोघांना सोडून. म्हणजे आमच्याशिवायही कोच राहत होता. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला उठवून तो कागद दाखवला. साप भी मरे और लाठी भी न टूटे, असं हिंदीत म्हणतात ना, तेच. त्या मतमोजणीचा मला अभिमान वाटला होता, हे मला आज लिहितानाही लपवायचं नाही.

रविवारी सकाळी नाश्त्याला लेकीनं विचारलं. ती सोळा वर्षांची, मत अठराव्या वर्षापासून, म्हणजे तिला मत नव्हतं. आम्हाला होतं.

"तुम्ही दोघं त्याच्या बाजूनं ना?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

नवरा टोस्टला लोणी लावत राहिला.

"म्हणजे काय," मी म्हणाले. "हे काय विचारणं झालं?"

तिनं मान डोलावली आणि दुसरा टोस्ट घेतला. तिचा विश्वास बसला होता.

सभा दुपारी तीनला क्लबाच्या खोलीत होती. कॉफी, तीन प्रकारचे केक, माझे शंकरपाळे. एक्केचाळीस सभासद, शिवाय मागे भिंतीला टेकून टीममधल्या मुली. इथे एक रीत आहे: ज्याच्याबद्दल ठरवायचं त्यानं बाहेर जायचं, म्हणजे लोकांना संकोच नको. कोच बाहेर गेला. खिडकीतून दिसत होता. नुसतं उभं राहणं त्याला जमत नाही, तो मैदानाच्या कोपऱ्यातली निशाणं काढून गुंडाळत होता, एका बाजूला झुकत, एकेका कोपऱ्यात जात.

अध्यक्षानं सुरुवातीला नियमावली वाचली. ती सगळ्यांना क्लबात येताना मिळालेली असते, "वाचली, मान्य आहे" म्हणून सहीसुद्धा केलेली असते. त्यामुळे कुणी ऐकत नव्हतं. मी शेजारच्या बाईला शंकरपाळ्यांच्या कणकेत मोहन किती गरम घालायचं ते सांगत होते. मग भाषणं झाली. नर्सबाई चांगल्या बोलल्या. आजोबा वाईट बोलले, अडखळले, रेल्वेचंच काहीतरी सांगत बसले. अध्यक्ष म्हणाला, कोच राहून क्लब स्वतंत्र चालवायचा असेल तर आज त्याच्यावर विश्वास दाखवा, पुरेशी मतं पडली तर मी विलीनीकरणाचा विषय परत काढणार नाही. माणूस सरळ होता, हेही मला कबूल केलं पाहिजे.

कोचच्या बाजूनं हात वर झाले. वीस. विरुद्ध, एकोणीस. माझ्या कागदावर होते तेच हात, एकही इकडचा तिकडे नाही.

"तटस्थ?"

आम्ही दोघांनी हात वर केले. मी फार वर केला नाही, कोपरापासून, वर्गात उत्तर नक्की माहीत नसलेली मुलगी करते तेवढा.

आजोबा टाळ्या वाजवायला लागले. दोन-चार मुलींनी किंचाळून एकमेकींना मिठ्या मारल्या. अध्यक्षानं हात वर करून शांत केलं आणि सुरुवातीला वाचलेलं कलम परत वाचलं. ठराव मंजूर व्हायला हजर असलेल्या सभासदांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. हजर एक्केचाळीस. लागतात एकवीस. आहेत वीस. ठराव पडला.

खोलीत एवढा आवाज झाला की काही वेळ कुणाला कुणाचं कळेना. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी लहानपणापासून बघत आले होते: ज्याला वाईटपणा नको तो गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं कुठेच मोजलं जात नाही. इथे ते मोजलं होतं, आणि विरुद्ध म्हणून मोजलं होतं.

आजोबा उठून उभे राहिले. "परत मोजा," ते म्हणाले. "लोकांना नियम माहीत नव्हता."

अध्यक्षानं थोडा विचार केला. "ठीक आहे," तो म्हणाला. "वाद राहायला नको. पुन्हा मतदान घेऊ. आता नियम सगळ्यांना माहीत आहे. नीट विचार करून हात वर करा."

पहिल्यांदा झाली ती चूक होती. अजाणतेपणी झाली, त्याबद्दल मला कुणी फासावर चढवलं नसतं. पण आता मला माहीत होतं. माझा एक हात. नवऱ्याचाही नको, माझा एकटीचा पुरला असता.

"बाजूनं?"

हात वर गेले. अध्यक्ष पेन्सिलीनं एकेका माणसाकडे बोट केल्यासारखं करत मोजत येत होता. आमच्या रांगेपाशी आला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला होता. मला वाटलं, आत्ता हात वर केला तर सगळ्यांना दिसेल की ही बदलली, मुद्दाम बदलली, अध्यक्षाच्या विरुद्ध जायला बदलली. तो माझ्याकडे बघत होता. आता वाटतं, तो फक्त मोजत होता.

माझा हात मांडीवर राहिला. वीस, एकोणीस, दोन.

मी मागे वळून पाहिलं नाही. पण दार उघडल्याचा गार वारा पाठीला लागला, आणि खिडकीतून दिसलं, माझी लेक मैदानावरून कोचकडे चालत जात होती. तिनं त्याला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं. मग दोघांनी मिळून उरलेली निशाणं काढली.

बाहेर पडताना नर्सबाई माझ्याजवळ थांबल्या. मला वाटलं काही बरं बोलतील, ठराव पडला होता, त्या जिंकल्या होत्या.

"मी त्याच्या विरुद्ध होते," त्या म्हणाल्या. "आज त्याला ते तोंडावर सांगणार आहे. तुम्ही काय सांगणार?"

माझा डबा आजोबांनी मला आणून दिला, झाकण नीट लावून, त्यातले शंकरपाळे तसेच होते.

लेक आमच्याबरोबर घरी आली नाही. संध्याकाळी एकटी आली, जेवली, ताट धुतलं, खोलीत गेली. मी दारावर टकटक करून सांगितलं, अगं मला नियम माहीत नव्हता. आतून आवाज आला, "दुसऱ्यांदा?" मी तिथून निघाले.

दोन आठवड्यांनी नवऱ्याच्या हातात कायम नोकरीचा कागद आला. आम्ही पेढे केले नाहीत. कागदावरची सही मी पाहिली तेव्हा तारीखही पाहिली. सभेच्या आदल्या महिन्यातली होती. तो कागद वरच्या ऑफिसात कुठेतरी पडून होता, आणि आम्ही इथे हात खाली धरून बसलो होतो. नवऱ्यानं धीर करून बॉसला आभाराचं बोलताना सभेचा विषय काढला. बॉस म्हणाला, "हां, मला आश्चर्य वाटलं तेव्हा. तुमची मुलगी खेळते तिथे. मला वाटलं होतं तुम्ही त्याच्या बाजूनं असणार. तुमच्या जागी मी तरी असतो." नवरा घरी येऊन हे सांगताना स्वयंपाकघरात उभा होता, कोट न काढता. मला त्याची दया आली आणि त्याचा रागही आला. स्वतःचा आला त्यापेक्षा कमी.

क्लब विलीन झाला. माझ्या लेकीच्या टीममधल्या चार मुली मोठ्या क्लबात गेल्या. नर्सबाईंची मुलगी तिथे चांगली खेळते, तिची वरच्या टीममध्ये निवडही झाली आहे, म्हणजे नर्सबाई काही चुकीच्या नव्हत्या. माझी लेक दोनदा जाऊन आली. तिथे मैदानाबाहेरून कोच सूचना देतो, मुली फारसं ओरडत नाहीत. तिसऱ्यांदा ती गेली नाही. बूट बाल्कनीत पडले होते, मी उचलून आत ठेवले. शाळेतून येते, दार लावते. मी त्या बंद दाराशी पुन्हा उभी राहायला लागले, फरक इतकाच की बारा वर्षांच्या मुलीला दार उघड म्हणून सांगायचा मला हक्क होता.

कोच नाताळच्या आधी इंग्लंडला परत जाणार होता. बहिणीच्या घरी, एका खोलीत. तीस वर्षांनी. जायच्या आदल्या शनिवारी दुपारी आमची बेल वाजली. तो दारात उभा, जिने चढून आल्यामुळे धापा टाकत होता. लेक त्याचा आवाज ऐकून बाहेर आली. मी चहा केला. तो आमच्या सोफ्यावर बसला, खुबा दुखत असल्यामुळे एक पाय लांब करून, आणि घर नीटनेटकं आहे वगैरे बोलला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. बहिणीच्या गावी मुलांची टीम आहे, पण तिथे त्याला कोण विचारणार, तिथे प्रत्येक गल्लीत त्याच्यासारखा एकेक म्हातारा आहे, असं तो हसत म्हणाला.

मग कप खाली ठेवून तो माझ्याकडे वळला. "त्या दिवशी दोघं तटस्थ होते म्हणे," तो त्याच्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला. "कोण ते मला कुणी सांगत नाही. मीही विचारलं नाही. माहीत करून काय करायचं? पण मला तुम्हाला भेटून जायचं होतं. बाकी कुणाचं मला नक्की माहीत नाही, तुमचं माहीत आहे. तुमचे दोघांचे हात वर होते. त्याबद्दल थँक यू."

मी तोंड उघडलं. खरं सांगायला उघडलं होतं की नाही, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. नवरा कपाकडे बघत होता.

"हो," लेक म्हणाली. "दोघांचे. मी मागेच उभी होते, मी पाहिलं."

माझी लेक खोटं बोलत नाही. लहानपणी आजीनं फोनवर "आई घरी नाही म्हणून सांग" म्हटलं तर "आजी म्हणतेय की आई घरी नाही" असं सांगणारी मुलगी ती. कोचनं मान हलवली, बरं वाटलं त्याला, दिसत होतं. मग तो उठला, माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे हात फार गरम होते. मी तो हात सोडवून घेऊ शकले नाही. लेक त्याला सोडायला खाली रस्त्यापर्यंत गेली.

वर आली तेव्हा मी दारातच होते. मी तिला जवळ घ्यायला गेले, ती एक पाऊल मागे सरकली.

"ते त्याच्यासाठी होतं," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

आणि टेबलावरचा त्याचा कप उचलून ती आत गेली, तो धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला. मला हात लावू दिला नाही.